गॅनेट आर्मला एक दिवस

इथं यायला रस्ता नाही. कधी नव्हताच.
हेडली व्हॅचरच्या होडीत आम्ही सहाजण,
दोन विळे, एक कुऱ्हाड, केटल, पावाची पिशवी
आणि सेलिनाने मांडीवर जपून धरलेला
दाढीचा आरसा.
"आरसा कशाला?"
"मेलेल्यांना ऊन दाखवायला," ती म्हणाली,
आणि मफलरच्या आत हसली.

गाव उठलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती.
सरकारचा माणूस आला होता, बूट न भिजवता.
माणशी इतके डॉलर, जवळ डॉक्टर,
पोरांना तिकडे मोठी शाळा.
शेवटची सही टॅमसिन डर्नफर्डची.
तिने ती उभ्याउभ्याच केली,
खुर्ची पुढे केली होती तरी.

मग घरं निघाली.
माणसं नव्हे, घरं.
ओंडक्यांवरून घसरत किनाऱ्याला आली,
कमरेला रिकामी पिंपं बांधून घेतली
आणि भरतीच्या वेळी एकेक करून
पाण्यात उतरली,
खिडक्यांना पडदे तसेच.
पुढे दोन होड्या ओढायला, मागे एक कुत्रा पोहत.
आमच्या घरातली चूलसुद्धा पेटती होती, सेलिना सांगते.
विझवली होती, हेडली म्हणतो.
पन्नास वर्षं हे भांडण चालू आहे
आणि दोघांपैकी एकालाही ते मिटवायचं नाही.

ओढून नेता आलं नाही ते एवढंच:
टेकडीच्या पाठीमागे, वाऱ्याच्या आडोशाला
तीसेक थडगी, आडवं झालेलं कुंपण,
आणि फरची रोपं,
जी कुणी बोलावली नव्हती.

संगमरवराचे दगड तिघांचेच.
ते बोटीने इंग्लंडहून आले, मिठाच्या पोत्यांसोबत.
एकावर नावात चूक आहे.
परत पाठवायला पुन्हा एक वर्ष गेलं असतं,
म्हणून मेलेल्याने ती चालवून घेतली.

अक्षरं झिजून दगडाच्या रंगाची झालेली.
सेलिना बाजूला सरकते, आरसा तिरका धरते,
उन्हाची एक पट्टी दगडावर आडवी पडते
आणि सावल्या अक्षरांत जाऊन बसतात.
बुडाला. बुडाला. बाळंतपणात.
बुडाला, सापडला नाही.
मी वहीत उतरवून घेते. पेन्सिल गारठते.

बाकी सगळ्या लाकडी फळ्या.
त्यांना आरशाचा उपयोग नाही.
पांढऱ्या रंगाने नावं लिहिली होती,
तो रंग कधीच उडाला.
पण रंग होता तोवर त्याखालचं लाकूड
त्याने राखलं, भोवतालचं वाऱ्याने खाल्लं,
म्हणून नाव आता फळीतून
किंचित वर आलेलं असतं.
डोळ्यांना दिसत नाही. बोटांना लागतं.

हेडलीने हातमोजा काढला.
जाळी विणून विणून जाड झालेलं त्याचं बोट
एका बुटक्या फळीवरून सावकाश चाललं,
थांबलं, मागे गेलं, पुन्हा चाललं.
"काय आहे?"
"हेडली," तो म्हणाला.
आम्हाला वाटलं, तो थट्टा करतोय.
"हेडली व्हॅचर. अकरा दिवस."

त्याच्या आधीचं मूल.
नाव नवं होतं, फारसं वापरलेलं नव्हतं,
आईने ते पुढच्याला दिलं,
जसा स्वेटर देतात.
तिने कधी सांगितलं नव्हतं.
ती गेल्यालाही आता तीस वर्षं झाली,
आणि तिचं थडगं दुसऱ्याच गावात, पार्किंगलगत.

कुणीच काही बोललं नाही.
फळीच्या पायथ्याशी लाल बेरी पिकल्या होत्या.
थडग्यावरच्या खाव्यात की नाही,
यावर गावात दोन मतं होती म्हणे.
हेडलीने मूठभर तोडल्या आणि खाल्ल्या.
मग विचारलं, "चहा झाला का?"

परतताना धुकं नव्हतं, वारा पडलेला.
सेलिना आरसा टॉवेलमध्ये गुंडाळून झोपली.
बंदराचे दिवे दिसू लागले तेव्हा,
कुणी विचारलं नसताना, सुकाणूवरून नजर न हलवता,
तो म्हणाला,
"अकरा दिवस.
हवा बरी असेल
तर पुष्कळ मासळी होते तेवढ्यात."