शेऱ्याचा रकाना

रकाना दीड बोटाचा.
सोळा जणांना ‘समाधानकारक’ लिहून मोकळा झालो.
सतरावा पारिसा मगदूम, चेंबर ऑपरेटर,
बेदाण्याचं कोल्ड स्टोअरेज, तासगाव.
तिथं पेन अडलं.

मला एकदा ‘बरा’ मिळाला होता.
वर्षभर तो शब्द उलटापालटा करून पाहिला,
आत काही नव्हतं.

म्हणून कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं:
मार्चात, रात्री अडीचला, तीन नंबरचा कंप्रेसर
वेगळा खोकला, हे याच्याच कानाला कळलं.
चाळीस टन माल काळा पडायचा वाचला.
हेही लिहिलं:
तापमानाची वही हा सकाळी भरतो,
रात्रीचे आठ आकडे, एका दमात.
पुढे ‘निष्काळजी’ आलं होतं, खोडलं.
तो शब्द वहीला नाही, माणसाला चिकटतो.

सहीआधी त्याच्यापुढे ठेवलं.
ओठ हलवत वाचलं त्यानं.
“अडीच न्हवं सायेब, पावणेतीन.”
मग बराच वेळ गप्प.
वाटलं, वहीचं काढा म्हणेल.

“तितला बल्ब गेलाय, दिवाळीपासनं.
अंधारात आकडं कसं लिवू?
डोस्क्यात ठेवतो.”

तेवढी ओळ
मी माझ्या रकान्यात घेतली.