ढोबळ रक्कम

डलूथच्या वाचनालयात, तळघरात,
फेब्रुवारीतले शनिवार मी लोकांचे कर भरून देतो. फुकट.
आधी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली,
त्यामुळे रांगेची सवय आहे,
आणि रडण्याचीही.

लेंपी हार्युला बाईंनी पाकीट न फोडताच आणलं होतं.
"मी काही दुकान काढलेलं नाही," त्या म्हणाल्या,
कोट न काढता.

आत एकच कागद. पैसे पोचवणाऱ्या कंपनीनं धाडलेला.
एक प्रत त्यांना, एक सरकारला.
पहिल्या चौकटीत: सहा हजार पाचशे चाळीस डॉलर.
ढोबळ.

मी समजावलं, मर्यादा होती वीस हजारांची,
मग म्हणाले सहाशे, मग म्हणाले थांबा,
मग पुन्हा थांबा,
यंदा पाच हजार.
पुढच्या वर्षी काय, देव जाणे.
बाई म्हणाल्या, "तळ्यावरचा बर्फसुद्धा
याहून नेमानं वितळतो."

ढोबळ म्हणजे कसं,
कागदाला आलेले पैसे दिसतात,
गेलेलं काही दिसत नाही.
मग आम्ही फोन मधे ठेवून
एकेक ओळ सोडवत बसलो.

होडी. बावन्नशे.
"घेतली कितीला?"
"नऊ हजार. वायनोनं मला सांगितलं होतं सात."
पावती नाही, पण गॅरेजच्या भिंतीवर
खडूनं हप्ते लिहिलेले आहेत, अजून.
मी म्हटलं, फोटो काढून ठेवा.
तोटा. कर नाही.
पण तो तोटा दुसरीकडे वजा करता येत नाही:
घरच्या वस्तूवर बुडालात तर तुमचे तुम्ही,
तरलात तर थोडं सरकारचं.

लाकडी स्की, पस्तीस. तोटा.
मासे पकडायचे गळ, रंगीत, छप्पन्न गिऱ्हाइकांना,
मिळून सहाशे पाच.
एकेका गळाचं नाव त्यांना पाठ होतं.
मी नावं लिहिली नाहीत, चौकट नव्हती,
पण मधे थांबवलंही नाही.

माग. सतरंज्या विणायचा. चारशे.
चर्चच्या तळघरातून साठला घेतलेला,
ज्या वर्षी मुलगा झाला नि गेला, त्या वर्षी.
इथं मला चष्मा पुसावा लागला.
"बाई, यावर नफा आहे. तीनशे चाळीस.
एवढ्यावर कर लागेल."
त्यांनी हाताकडे पाहिलं.
"माझ्या हातांनीच गुळगुळीत झाला तो," म्हणाल्या,
"लागू दे."

उरली एक ओळ. तीनशे डॉलर.
पाठवणारा ऑर्विल स्कागस्टाड, शेजारी.
खूण 'वस्तू व सेवा'.
खाली टीप: "मोटारीचे. उशीर झाला."

होडीची मोटार त्यानं मागून नेली होती,
उसनी, एका दिवसासाठी,
आणि तळ्याच्या तळाशी घातली.
वायनो अकरा वर्षं त्याच्याशी बोलला नाही.
अंत्यविधीला तो मागच्या बाकावर बसला
आणि कॉफीच्या आधी निघून गेला.
हे पैसे दहाव्या दिवशी आले.

मी नियम सांगितला:
मोटार सातशेची होती, भरपाई तीनशे,
हे उत्पन्न नाही. शून्य धरू.

"शून्य नको," बाई म्हणाल्या.
पहिल्यांदाच आवाज चढला.
"कर बसू दे. मी भरीन.
अकरा वर्षं दोन घरांमधला बर्फ मी एकटीनं उपसलाय,
ही कमाई आहे माझी."

मागे रांगेत कुणीतरी खोकलं.
मी म्हटलं, बाई, कायद्यानं जमत नाही.
न मिळवलेलं मिळकत म्हणून लिहिणं
हेही खोटंच.

त्या बराच वेळ गप्प.
मग कोटाची बटणं सोडली.
"बरं. शून्य तर शून्य.
पण गाळू नका. दिसू द्या."

दिसेल, मी म्हटलं. नियमच तसा आहे:
आलेलं आधी पूर्ण दाखवायचं,
मग वजा करायचं.

त्यांनी सही केली, सावकाश, पूर्ण नावाची.
जाताना टेबलावर राईच्या पावाचा एक तुकडा ठेवला,
रुमालात.
मी नको म्हटलं. स्वयंसेवकांना घेता येत नाही.
"ढोबळ किंमत किती याची?" त्यांनी विचारलं,
आणि जिना चढू लागल्या.

पुढचा मुलगा बसला.
स्केटना धार लावून देतो.
त्याच्याकडे दोन पाकिटं.