आधीचा आकडा

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार. डुलूथ.
सरोवरावरचा वारा शटरच्या फटीतून शिरून टायर हुंगतोय.
सिग्ने हाल्व्होर्सन वेळेआधीच आली,
रस्त्यांवर मीठ पडायच्या आत उरकायचं होतं तिला.
गाडी निळी, दोन दारांची, कारखान्यातून निघाली तशीच,
एक नटही कुणी फिरवलेला नाही.
"काय बसवायचं?" मी सवयीनं विचारलं.
"काही नाही. आज फक्त मोजायचं."

इस्पितळात रक्त काढते ती, बावीस वर्षं.
म्हणाली, औषधाआधीचा नमुना आधीच घ्यावा लागतो,
नंतर बाटल्या भरभरून काढलं तरी तो मिळत नाही.

माझ्याकडे पोरं येतात ती सगळं बदलून झाल्यावर
आणि विचारतात, किती वाढली?
कशापेक्षा, बाबांनो?
मग म्हणतात, पाठीला जाणवतं ना, सीटवर.
पैसे मोजलेली पाठ कशालाही हो म्हणते.

चाकं रोलरवर घेतली. चार पट्टे.
मागचे दोन मी पुन्हा एकदा ओढतो, नेहमीच.
टायरमधली हवा टिपली, तेल तापू दिलं,
समोर पंखा, टोपी उडवणारा.
चौथा गिअर. दोन हजारावर एक श्वासभर थांबलो,
मग पाय तळापर्यंत.

जागच्या जागी ताशी दीडशे मैल.
कॅलेंडर फडफडतं, डब्यातले वॉशर नाचतात,
आणि पाय उचलल्यावर रोलर
कितीतरी वेळ स्वतःशीच बोलत राहतो.

तीनशे एक्याण्णव.
तिनं कंपनीचं पत्रक उलगडलं: चारशे साठ.
मग मी सांगितलं, घोडं कुठं कुठं पेंड खातं ते.
गिअरबॉक्समध्ये थोडं, शाफ्टमध्ये थोडं,
मागच्या दात्यांच्या घट्ट तेलात, टायरच्या मऊपणात.
कंपनी इंजिनापाशी मोजते,
मी चाकापाशी.
ती भांडली नाही. अर्धी माणसं भांडतात.

दुसरी फेरी, तीनशे अठ्ठ्याण्णव.
तिसरीला चौऱ्याण्णव, तोवर गाडी तापून आळसावली होती.
"सगळ्यात मोठा छापू?"
"तिन्ही."
आणि ही थंडी? तिनं विचारलं. दाट हवेची फुकटची ताकद?
ती संगणक वजा करतो, म्हटलं,
तापमान बघून, हवेचा दाब बघून.
सरोवराचं सरोवराला परत.

गाडी इंचभर हलली नव्हती,
ओडोमीटर मात्र चार मैल पुढं.

कागद छापला जाताना ती काहीतरी बोलली.
मी "काय?" म्हटलं. पुन्हा "काय?" म्हटलं.
ती वळसा घालून माझ्या उजव्या बाजूला आली.
"डावा कान कधीपासून?"

मार्चमध्ये तपासला होता. काचेच्या खोलीत बसवून
बारीक बारीक टिंग ऐकवले, आलेख काढला,
माझ्या आलेखांच्या उलटा, उतरत जाणारा.
आधीचा आहे का एखादा, डॉक्टरीणबाईंनी विचारलं,
हे काम धरायच्या आधीचा?
एकोणीस वर्षं या खोलीत गावभरच्या गाड्या मोजतोय मी.
खिसे चाचपल्यासारखं केलं
आणि नाही म्हटलं.

हे सगळं सिग्नेला सांगितलं नाही. "बरीच वर्षं," एवढंच.
तिनं पेन्सिलीनं कागदावर तारीख घातली,
बाहेरचं तापमान, टायरमधली हवा,
आणि थोडं थांबून, खाली:
अजून काहीही केलेलं नाही.

शटर वर गेलं, वारा आत आला.
निळी गाडी चढणीला लागली
तेव्हा मी दारात उभा राहिलो, डावा कान तिकडे करून,
उजव्यात बोट घालून.
बेकरीच्या पुढच्या सिग्नलपर्यंत ऐकू येत होती.
बिलबुकाच्या मागं लिहून ठेवलं.