साडेपाचच्या बातम्या

साखळीत केबलची वायर मीच ओढली होती,
बाजारापासून थेट वाळवंटीच्या काठापर्यंत,
माडांवरून, फणसांवरून, एकदा तर
परवाराच्या गोठ्याच्या वाशातून.
पावतीपुस्तक, निळा कार्बन, महिन्याची पाच तारीख.
आता तीच वायर उतरवत फिरतो.
लोक कपडे वाळत घालायला मागून नेतात.
एका दारात तिच्यावर घोसाळ्याची वेल चढलीय,
फुलंही धरलीत.

हेमावती टीचरनी सगळ्यांत शेवटी कनेक्शन सोडलं.
म्हणाल्या, पयशांचें न्हय रे,
तुझ्या तीनशे चॅनलांत माझं एकही नाही.
आणि फोन पुढे केला:
हे जरा मोठ्या पडद्यावर लावून दे.

ओहायोतल्या कुठल्याशा शहराची सकाळ.
तिथले सात, आपले साडेपाच.
ना केबल, ना छपरावर ताटली,
ना कुणी वसुलीला दारात उभा.
राग आला होता, खोटं कशाला बोलू,
पण जोडून दिलं. चहा घेतला.

तेव्हापासून पोदेराचा भोंगा वाजला
की टीचर दोन उंडे घेतात,
चष्मा पदराला पुसतात
आणि चौथीची हजेरी घ्यावी तशा
त्या गावापुढे बसतात.
कुठल्या पुलावर गाड्या तुंबल्या,
कुणाचा कुत्रा हरवला (तपकिरी, एक कान पांढरा),
बर्फामुळे कुठल्या शाळांना सुट्टी.
शाळांची नावं खाली सरकत जातात,
त्या मोठ्याने वाचतात, एकही गाळत नाहीत.

अपघाताचे दावे लढवणाऱ्या एका वकिलाचा
फोन नंबर त्यांना पाठ आहे.
गुडघेदुखीच्या गोळीने काय काय होऊ शकतं, तेही.
कधी जाहिरातच सापडत नाही त्या लोकांना,
साखळीत काय विकणार?
मग नुसता निळा पडदा येतो आणि एक ओळ,
थोड्याच वेळात परत येत आहोत.
टीचर त्या ओळीसमोरही बसून राहतात.
मी म्हटलं, आवाज तरी बंद करा.
म्हणाल्या, असू दे, सुलक्षापण हेच सांगते.

मार्चात तिकडे घड्याळ तासभर पुढे करतात.
तेव्हापासून इकडे बातम्या साडेचारला,
चहा साडेचारला,
दुपारची झोप अर्धी.
अमेरिकेच्या सरकारचा हुकूम पाळणारं
आमच्या वाड्यावरचं हे एकच घर.

यंदा फेब्रुवारीत, एका मंगळवारी,
राउटर अडत होता म्हणून मी आलो होतो.
लाल कोटातली एक बाई
एका इमारतीपुढे उभी राहून बोलत होती.
मागे पाटी, पाटीवर बर्फ.
मला इंग्रजी अर्धंमुर्धं कळतं, टीचरना सगळं.
बाराशे माणसं, महिनाअखेर.
इमारत मात्र मीही ओळखली.
तिच्यापुढे उभं राहून काढलेला सुलक्षाचा फोटो
टीव्हीच्याच वर, खिळ्याला आहे,
गळ्यात लॅबचं ओळखपत्र, हसू नवंकोरं.

टीचरनी पडदा बंद केला नाही.
हवामान पाहिलं. वाऱ्याचा वेग पाहिला.
उंडा चहात बुडवला, तो बुडातच राहिला.

आठ वाजता फोन आला.
मी कोपऱ्यात वायर सोलत होतो, ऐकू येत होतं.
निघालेय कामावर, आई. सगळं बरं आहे.
टीचर म्हणाल्या,
हायवेने जाऊ नको आज, ट्रक उलटलाय.
नदीकडच्या रस्त्याने जा.
आणि घाई नको करू, बाय,
घाई करण्यासारखं काही नाही.

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही.
टीचरनी माझ्याकडे पाहिलं,
लाइन गेली का रे?
मी वाकून राउटर बघितला.
दिवे सगळे हिरवे होते.