आगाशिव, नाराहून आल्यावर

तिकडे देवळाच्या दारातच
सहाशे येनचं तिकीट.
मग हौद. बांबूची पळी.
आधी डावा हात, मग उजवा, मग चूळ.
विशाखा म्हणाली, आई, पळी तोंडाला लावू नकोस.
ऑपरेशन थिएटरात तीस वर्षं हात धुतलेत गं,
मला नको शिकवूस.
तरी चुकले.

हरणं वाकून नमस्कार करत होती, बिस्किटासाठी.
आणि बुद्ध केवढा!
त्याच्या तळहातावर आमचं मलकापूरचं घर
अंगणासकट मावलं असतं.
दोरीच्या अलीकडून हात जोडले,
जोडतेय तोवर
मागच्या रांगेनं पुढं सरकवलं.

आज जखिणवाडीकडून चढतेय.
तिकीट नाही, गुडघे वसूल करतात.
हौसाक्काच्या शेरडांना वाकायची सवय नाही,
त्यांनी सरळ पिशवीत तोंड घातलं,
लेकीनं दिलेला पुडा
जपानी कागदासकट फस्त.
खाली कोयना, उसाचे फड,
हायवेवर ट्रकची रांग.

चप्पल बाहेर काढली.
आत नुसता स्तूप.
मूर्ती नाही, दोरी तर नाहीच.
भिंतीवर कोळशानं अनिकेत, स्वरांजली,
मधून बाण आरपार.
वटवाघळांचा उग्र वास.
मी स्तूपावर हात ठेवला,
ताप बघतात तसा, उलटा.

शेजारच्या खोलीत दगडातच कोरलेली खाट.
हितं भन्ते निजायचे, अप्पा सांगायचे.
बुद्धपौर्णिमेला यायचो आम्ही वर,
एक मेणबत्ती, गूळ-शेंगदाण्यांची पुरचुंडी.
आणि आजारी पडल्यावर? मी विचारलं होतं.
अप्पांनी माझ्या हातावर आणखी गूळ ठेवला.

इकडंतिकडं बघितलं आणि आडवी झाले.
पाच फूट एक इंच. बरोबर बसले.
म्हणजे होतं इथं कुणीतरी
माझ्याच मापाचं,
अख्खा पावसाळा रात्रपाळी केलेलं,
खोकलेलं, कूस बदललेलं.
सवयीनं हात पायथ्याशी गेला
केसपेपर चाचपत.
गार दगड लागला.

बाहेर पोढीत कुठूनसा थेंब पडत होता.
घड्याळ लावून मोजला,
सलाईन मोजतात तसा.
मिनिटाला अकरा.
ठीक आहे, म्हटलं, चालू दे असंच,

आणि डोळा लागला असावा,
कारण पुढचं ऐकू आलं ते हौसाक्काचं ओरडणं,
ओ सिस्टर, उठा की,
शेरडानं चप्पल नेली तुमची!