गाळलेलं पाणी

दस्तगीरच्या शेतात मीठ फुटलं
तेव्हा ऊस आधी पिवळा पडला, मग गप्प.
शिरोळकडची काळी जमीन ही,
पाणी पाजून पाजून आम्हीच खारवलेली.
त्यानं तिथं तळं खणलं, चिलापी सोडली.
लोक म्हणाले, नदाफाचं डोकं फिरलं.

बांधाच्या अलीकडं माझी रोपवाटिका.
"काकी, हे पाणी मी ओढ्याला सोडतोय," तो म्हणाला,
"हिरवं हाय, वास मारतंय, पण रोपं पितील.
बघा की."
बघा की!
आमच्या घरात मासा हा शब्द उच्चारतानासुद्धा
आवाज खाली येतो.

सासूबाईंनी काही विचारलं नाही.
माझ्या हातांकडं पाहिलं फक्त,
आणि त्या दिवशी बस्तीत जरा जास्त वेळ बसल्या.

मी चार ट्रे मांडले.
एकात नारळाचा भुस्सा, विटेसारखा दाबून आलेला,
भिजला की फुशारकी मारल्यासारखा फुगणारा.
दुसऱ्यात कारखान्याची मळी, सहा महिने कुजवलेली.
तिसऱ्यात उसाचा चोथा, गुऱ्हाळावरून फुकट.
चौथ्यात भाताच्या तुसाची राख,
आजऱ्याच्या पाहुण्यांनी पोत्यातून धाडलेली.
खडूनं आकडे घातले. बी वांग्याचं.
(चातुर्मासात आम्ही वांगं खात नाही,
बी फार, म्हणजे जीव फार.
रोपं मात्र बाराही महिने विकतो.)

पाणी घालायची वेळ आली आणि हात थांबला.
ट्रंकेतून जुनं इरकल काढलं,
दुहेरी घडी बादलीच्या तोंडाला बांधली.
पाणी गाळल्याशिवाय प्यायचं नाही
हे लहानपणीच शिकवलेलं;
कुणी, ते कुठं सांगितलं होतं?

हिरवट पाणी थेंबथेंब उतरलं.
कापडावर शेवाळ, खाद्याचा चुरा,
आणि नखाएवढं एक पिल्लू,
काचेसारखं, पोटात काळा ठिपका,
उडत होतं.
घडी तशीच ओंजळीत धरून मी पळाले
बांधावरून, अनवाणी, पन्नाशीच्या गुडघ्यांनी.
दस्तगीर खाद्य टाकायचा थांबला.
"अहो काकी, दिवाळीनंतर ते कोल्हापूरच्या बाजारातच जायचंय."
"जाईल तेव्हा जाईल," म्हणाले,
"माझ्या लुगड्यात नको."

तीन आठवडे झाले.
चोथ्यातली रोपं पिवळी पडली,
चोथा स्वतःच जेवत होता, रोपांना उष्टंही उरेना.
राखेत पाणी टिकत नाही, दुपारी माना टाकतात.
मळीतली अर्धी उगवलीच नाहीत,
उगवली ती आडदांड.
भुश्शातली एकसारखी, गिऱ्हाइकाला आवडतील अशी.
भुश्शात ओंजळभर मळी कालवून
पाचवा ट्रे लावलाय.
त्याचं अजून काही सांगता येत नाही.

काल एक रोप उपसून पाहिलं.
मुळ्या पांढऱ्या, कप्प्याच्याच आकाराच्या,
न्हाल्यावर बांधलेल्या केसांसारख्या.
वास घेतला.
तळ्याचा नाही, माशाचा नाही,
नुसती ओल.

सासूबाई मागं कधी येऊन उभ्या राहिल्या, कळलं नाही.
ट्रेवरून त्यांनी तळहात फिरवला,
रोपांना न टेकवता.
म्हणाल्या, "इरकल माझ्या आईचं होतं."
मग वळल्या, दोन पावलं गेल्या, थांबल्या.
"कडेला विरलंय ते.
घडी चौपदरी कर.
पिलं निसटतात."