तंबाखूची सुई

रबाब अजून ओसरीत तंबाखूची पानं ओवते,
त्याच लांब सुईनं.
झुहैरचा हात तिच्याहून चपळ होता.

नजफहून तो परतला
पांढरा अमामा बांधून,
आणि बोलता बोलता मध्येच थांबायची सवय घेऊन.
आधी विहिरीचे तंटे मिटवायचा, कुणाचा तलाक.
मग लितानी ओलांडून रणगाडे आले,
मशिदीच्या तळघरात पेट्या.

आता तो प्रत्येक भिंतीवर आहे.
घरी एकदाच आला, रात्री,
पहारेकरी अंजिराखाली ठेवून.
तिनं सुई पुढे केली.
एक पान ओवलं त्यानं,
बोटाचा काळा चीक पुसला नाही.

"सुकैनाचा धाकटा गेला," ती म्हणाली.
"तिला काय सांगू?"

तो थांबला,
भाषणात थांबतो तसा.
पुढचं वाक्य आलं नाही.